भांडण मटकीचं होतं

बजी म्हणजे बजरिगर, पिंजऱ्यात पाळतात ते छोटे रंगीत पोपट. बजी पाळलेल्या बहुतेक घरांत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मातीची, पोटाला भोक पाडलेली मटकी टांगलेली दिसते. दुकानातून पिंजरा घेतला की ती सोबत मिळतेच. आमच्याकडेही तशीच आली. पाखरांना आडोसा हवा, थंडीत आत जाऊन झोपतील, असा सगळ्यांचा समज असतो. पण बजी झोपायला मटकीत जात नाहीत, ते दांडीवरच झोपतात. त्यांच्या लेखी मटकी ही झाडाची ढोली, आणि ढोली म्हणजे अंडी घालायची जागा. ढोली एक आणि माद्या तीन असल्या की काय होतं, ते आमच्या गॅलरीत आम्ही बघितलं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ‘माझे बजी एकमेकांना चावतात, काय करू?’ असं मला आता बरेच जण विचारतात.

आम्ही साताऱ्याचे. लेकीच्या हट्टापायी चार बजी आणले. दुकानदारानं ‘दोन जोड्या’ म्हणून दिले. हिरवी ती हिरकणी, निळा तो निळू, पिवळी ती हळदी आणि पांढऱ्यावर राखाडी झाक असलेला तो चांद्या. हिरकणी आणि निळू ही एक जोडी, हळदी आणि चांद्या ही दुसरी. सुरुवातीला चौघांचं छान जमलं. सकाळी एकाच दांडीवर ओळीनं बसून किलबिल, दुपारी एकमेकांच्या डोक्याची पिसं साफ करणं. नवीन पिसं फुटताना त्यांच्या डोक्यावर जे बारीक काटे येतात ते त्यांचे त्यांना काढता येत नाहीत, जोडीदारच ते चोचीनं फोडून देतो. हे बघत तासभर कसा जायचा ते कळायचं नाही.

मग हिरकणी मटकीत शिरायला लागली.

आधी नुसती भोकाशी बसायची, आत डोकवायची. मग तिची चोच आतून मटकीला घासल्याचा खरखर आवाज दिवसभर येऊ लागला. तिच्या चोचीवरचा, नाकपुड्या असतात तो भाग फिकट होता, तो हळूहळू गडद तपकिरी आणि खरखरीत झाला. लेकीला वाटलं खरूज झाली. ती खरूज नव्हती. बजीची मादी विणीच्या भरात आली की हा भाग असाच तपकिरी होतो आणि भर ओसरला की पुन्हा फिका पडतो. प्रौढ नराचा सहसा निळा असतो. निळूचा तसा गडद निळा होताच. हळदीचा तपकिरीकडे झुकत होता. आणि चांद्याचा होता फिकट निळसर, पण नाकपुड्यांभोवती पांढरी कडी. दुकानदारानं त्या निळसरपणाकडे बघून त्याला नर ठरवलं असणार. पण तशी पांढरी कडी मादीलाच असतात. चांद्याची चांदणी झाली, आणि आमच्या ‘दोन जोड्यां’चा हिशेब तीन माद्या आणि एक नर असा निघाला. हे आम्हाला कळलं ते मात्र नंतर, डॉक्टरांकडे गेल्यावर.

त्याआधी भांडणं सुरू झाली होती. इथे एक नीट सांगायला हवं. बजी भांडतातच. दाण्याच्या वाटीवर, उंच दांडीवर, झोपायच्या जागेवर रोज कुरबुर होते. एक चोच उघडून पुढे झुकतो, टॅक-टॅक करतो, दुसरा दोन पावलं सरकतो आणि विषय संपतो. चोचीला चोच लावून ढकलाढकली करतात तोही बऱ्याचदा खेळच असतो. त्यात आपण पडायचं कारण नाही. खरं भांडण वेगळं दिसतं. त्यात हरलेल्याला सुटू देत नाहीत. तो उडाला तर मागे उडतात, खाली बसला तर खाली उतरतात, आणि चोच जाते ती पायाच्या बोटांवर नाहीतर नाकपुड्यांच्या भागावर. हिरकणी मटकीच्या भोकातून अर्धं अंग बाहेर काढून बसायची आणि त्या कोपऱ्याच्या दांडीवर कुणी आलं की बाण सुटल्यासारखी झेपावायची. निळूला येऊ द्यायची, हळदीला एक इशारा पुरायचा. चांदणीला ती सोडत नव्हती, कारण चांदणीलाही तीच मटकी हवी होती. हिरकणी पाणी प्यायला बाहेर पडली की चांदणी भोकाशी हजर.

एका सकाळी गॅलरीतून किंचाळल्यासारखा आवाज आला. दोघी पिंजऱ्याच्या तळाशी, पाय पायांत अडकलेले, पंख फडफडतायत आणि चांदणीच्या पांढऱ्या पोटावर रक्त. अशा वेळी हात घालून ओढायचं नसतं. पाय निखळू शकतो आणि आपल्यालाही कडकडून चावा बसतो. माझ्या नवऱ्यानं पिंजऱ्यावर जाड चादर टाकली. अंधार झाला तशा दोघी सुटल्या. अंधारात बजीला फारसं दिसत नाही, तो जागच्या जागी थांबतो. मग मी पातळ नॅपकिननं चांदणीला अलगद उचललं. उजव्या पायाच्या एका बोटाचं नख मुळापासून गेलं होतं.

रक्त दिसायला थोडंच होतं. पण बजीचं वजनच मुळी ३० ते ४० ग्रॅम. त्याच्या अख्ख्या अंगात रक्त असतं वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ३-४ मिलिलिटर. चहाचा एक चमचाही भरत नाही. तेव्हा आपल्याला ‘थोडंसं’ वाटणारे थेंब त्याला जड जातात. तुटलेल्या नखावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरलं की रक्त थांबतं, तसं थांबलं. सासूबाई मायेनं हळद-तेल घेऊन आल्या होत्या. ते मी लावू दिलं नाही. तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात, अंगाची ऊब टिकत नाही आणि पाखरू पिसं साफ करताना ते पोटात जातं. चांदणीला पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडक्यावर ठेवलं, खोक्याला भोकं पाडली आणि आम्ही गाडी काढली.

पाखरांचे डॉक्टर गल्लीत मिळत नाहीत. गाई-म्हशींचे आहेत, कुत्र्या-मांजरांचे आहेत. बजी हातात धरायची सवय असलेले फार थोडे. कुणीतरी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुचवलं होतं. खंबाटकी घाट ओलांडून तिथे पोहोचलो. वाटेत एसी बंद, गाणी बंद, खोक्यावर ओढणी.

तिथल्या डॉक्टरबाईंनी चांदणीला ज्या पद्धतीनं धरलं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन बोटांमध्ये मान, बाकी अंग तळहातात, पण छातीवर जराही दाब नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली तरच त्यांना श्वास घेता येतो. छातीवर घट्ट मूठ आवळली तर पाखरू हातात गुदमरतं. त्यांनी जखम धुतली, वेदनाशामक थेंबांची मात्रा वजन करून ठरवून दिली, माणसांचं कुठलंही औषध द्यायचं नाही हे दोनदा बजावलं आणि मग विचारलं, “ताई, पिंजऱ्यात मटकी आहे का?”

मी हो म्हटलं. “मग पाखरू बरं करून मी परत पाठवेन, पण तुम्ही त्याला परत तिथेच ठेवणार असाल तर पुढच्या वेळी नख नाही, पाय जाईल.”

घरी आल्या आल्या मटकी काढून टाकायची असं ठरवूनच मी पिंजऱ्याशी गेले. आत बघितलं तर दोन अंडी. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी, शुभ्र पांढरी, गोलसर.

आता प्रश्न वेगळा झाला. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अंडी असताना मटकी ओढून काढली तर मादी ती भरपाई म्हणून आणखी घालत राहते, आणि प्रत्येक अंड्याचं कवच तिच्या हाडांतल्या कॅल्शियममधून जातं. एका विणीत बजी एक दिवसाआड एक अशी साधारण ४ ते ६ अंडी घालते. तिला ती घालू द्या, बसू द्या. पिल्लं नको असतील तर प्रत्येक अंडं घातलं की लगेच काढून उकडा, पूर्ण थंड करा आणि परत ठेवा. ती त्यावर बसेल. १८ दिवसांच्या आसपास अंडं फुटायची वेळ असते, ती उलटून गेली की आपणहून कंटाळून उठेल. तेव्हा मटकी काढा. आणि हिरकणीला हलवू नका, बाकीच्या तिघांना हलवा.

पिल्लं नकोत हे मी आधीच ठरवलं होतं. सहा पिल्लं झाली असती तर त्यांचं काय? शेवटी ती त्याच दुकानात गेली असती, ‘जोडी’ म्हणून कुणाच्यातरी घरी, एका मटकीसकट. घरात मात्र यावरून वाद झाला. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही.

“अगं, लेकुरवाळी होऊ बघतेय ती, आणि तू तिची अंडी उकडतेस?”

“आई, ताजं अंडं आहे, त्यात अजून काही धरलेलं नाही.”

“तिला माहितीय का ते?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी तरीही ते केलं. हिरकणी दाणे खायला बाहेर आली की लेक तिला कोथिंबिरीच्या काडीत गुंतवायची आणि मी चमच्यानं अंडं उचलायचे. उकडून गार झाल्यावर पेन्सिलीनं बारीक खूण करून परत. सासूबाईंनी त्या काळात माझ्याशी या विषयावर बोलणं सोडलं, पण हिरकणीच्या पिंजऱ्यातलं पाणी रोज सकाळी त्याच बदलत होत्या आणि कॅल्शियमसाठी कुरतडायचा समुद्रफेसाचा नवा तुकडाही त्यांनीच आणून अडकवला. अंडी घालणाऱ्या मादीला तो हवाच. कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आत अडकतं; मग ती पिसं फुलवून तळाशी बसते, कुंथते, आणि तेव्हा घरगुती उपाय करत बसायचं नसतं, तडक डॉक्टर गाठायचे.

बाकीच्या तिघांसाठी मोठा पिंजरा आणला. तीन फूट लांब. बजीला उंचीचा उपयोग कमी, तो आडवा उडतो. गोल, उंच, शोभेचे पिंजरे त्याच्या काही कामाचे नाहीत. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरूच्या आणि कडुलिंबाच्या फांद्या लावल्या, कमी-जास्त जाडीच्या. चांदणीला जाड फांदीवर पाय टेकायला बरं पडत होतं. दाण्याच्या वाट्या पक्ष्यांपेक्षा एक जास्त, आणि त्याही एकमेकींपासून लांब, वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे एकानं सगळ्या वाट्या अडवून धरायचा प्रश्न येत नाही. छोटा आरसा होता तो काढला. आरशातल्या पाखराशी सलगी करणं, त्याला भरवणं, मग त्या जागेवरून इतरांना हुसकावणं, हे सगळं निळू करायला लागला होता.

नवीन पिंजरा जुन्याला चिकटून ठेवला नाही. हातभर अंतर ठेवलं. जाळीला लटकलेल्या पाखराची बोटं पलीकडून सहज चावता येतात.

आणि उजेड. याकडे लोकांचं लक्षच जात नाही. आमची गॅलरी हॉलला लागून. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट, टीव्ही. दिवस मोठा, खायला मुबलक, वर भिजवलेली कडधान्यं, उकडलेलं अंडं असा मऊ खुराक. पाखराच्या शरीराला वाटतं हंगाम आला. बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले. तिथे ते पाऊस पडून गवताला दाणा धरला की वीण करतात. माद्या निलगिरीच्या झाडांतल्या ढोल्या धरतात आणि ढोल्या कमी असल्या की त्यांच्यासाठी झुंजतात. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले, तेव्हापासून ते पिंजऱ्यात वाढतायत. रंग शेकडो झाले. पण ढोली दिसली की मादीनं ती राखायची, यात काहीही बदललेलं नाही. म्हणून हिरकणीला कुणी ‘भांडखोर’, ‘दुष्ट’ म्हटलं की मला राग येतो. आमच्या घरी येणारे-जाणारे सगळे तेच म्हणत होते. तिला जागा राखायची होती, आणि ज्या पाखराला पिंजऱ्यातून बाहेर पडायची सोय नाही त्याला तिनं हुसकावलं तरी ते जाणार कुठे? रानात हरलेली मादी दुसऱ्या झाडावर जाते. पिंजऱ्यात ती पुन्हा पुन्हा जिंकलेलीच्याच चोचीसमोर येते.

तर संध्याकाळी साडेसातला दोन्ही पिंजऱ्यांवर सुती चादरी पडू लागल्या. उजेड दहा-अकरा तासांवर आणला. भिजवलेलं धान्य, अंडं बंद. राळे, थोडी बाजरी, मेथी, कोथिंबीर. खाण्यातला हा बदल आधी नव्या पिंजऱ्यातल्या तिघांना, आणि हिरकणी अंड्यांवरून उठल्यावर तिलाही. कुरतडायला मक्याच्या कणसाची सालं. माद्यांना कुरतडायची फार हौस असते आणि ती सालांवर भागली की पिंजऱ्यातल्या शेजाऱ्यांचं बरंच सोपं होतं.

याच काळात शेजारच्या एका काकांनी सुचवलं, “एवढा त्रास कशाला? दार उघड, उडून जातील. पुण्य लागेल.” हे पुष्कळांना खरंच वाटतं, म्हणून लिहिते. बजी सोडणं म्हणजे त्याला मारणं. पिंजऱ्यात जन्मलेल्या, पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या पाखराला इथे दाणा कुठे शोधायचा हे ठाऊक नसतं आणि कावळ्यांना, शिक्र्याला ते लांबून दिसतं.

हिरकणी अंड्यांवरून हळूहळू उठायला लागली. आधी बाहेरचा वेळ वाढला, मग एक रात्र ती दांडीवर झोपली, मग अंड्यांकडे बघेना. चोचीवरचा तपकिरी रंग सोलल्यासारखा निघून खालचा फिका दिसू लागला. तेव्हा मटकी काढली आणि गच्चीवर नेऊन फोडली. पुन्हा कुणाला द्यायलाही नको.

पुढची पायरी चौघांना एकत्र आणायची. ते जुन्या पिंजऱ्यात करायचं नव्हतं, कारण तो हिरकणीचा झाला होता. आधी खोलीत. खिडक्या बंद, पंखा बंद, कपाटाच्या आरशावर चादर. पंख्याचं दोनदा तपासायचं. पंख्याच्या पात्यानं गेलेली पाखरं मी ओळखीच्या घरांत बघितली आहेत. संध्याकाळच्या वेळी दोन्ही दारं उघडी ठेवली. चौघं पडद्याच्या दांडीवर जाऊन बसले, दोन इकडे, दोन तिकडे. मोकळ्या जागेत हिरकणीनं कुणालाही हात लावला नाही. चांदणी तिच्यापासून वीतभर अंतरावर उतरली तेव्हा आम्ही श्वास रोखून बसलो. हिरकणीनं फक्त मान वळवली.

असं बरेच दिवस चाललं. मग मोठ्या पिंजऱ्यातल्या फांद्या आणि वाट्या पूर्ण बदलून, कुणाची कुठली जागा हे सगळं मोडून टाकून, हिरकणीला सगळ्यांत शेवटी आत सोडलं. पाहुणी म्हणून. रक्त नाही, पाठलाग नाही, हळदीशी तर ती पहिल्या संध्याकाळीच डोकं साफ करून घ्यायला लागली. घरात सगळे खूश. लेक दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर चौघांचं वजन करून वहीत लिहायची. डॉक्टरांनी ती सवय लावली होती. त्या वहीनं आम्हाला थांबवलं. चांदणी ३४ ग्रॅमवरून ३१ वर आली होती. मग मी पडद्याआड उभं राहून नीट बघितलं. हिरकणी चांदणीला चावत नव्हती. फक्त चांदणी वाटीशी आली की हिरकणी येऊन शेजारी बसायची. तेवढ्यानं चांदणी तळाच्या कोपऱ्यात जाऊन, सांडलेले दाणे टिपत राहायची. आवाज नाही, जखम नाही, आणि पाखरू उपाशी. ३४ ग्रॅमच्या जिवाला ३ ग्रॅम म्हणजे किती, ते आपल्या वजनाच्या हिशेबानं बघा. नुसतं रक्त दिसत नाही म्हणून मिटलं असं ज्यांना वाटतं त्यांनी वजन काटा घ्यावा, इतकंच सांगेन.

त्याच संध्याकाळी वेगळं केलं, आणि ते कायमचं. दुसराही पिंजरा लांबच लांब घेतला. एकात हिरकणी आणि निळू, दुसऱ्यात चांदणी आणि हळदी. दोघांत मटकी नाही, खोकं नाही, नारळाची करवंटी नाही, आत शिरून बसता येईल असं काहीही नाही. कुणी म्हणालं, दोन नर आणा, जोड्या पूर्ण करा. नर-मादी सारखे असले तर माद्यांची झुंज कमी होते हे खरं आहे, पण आणखी दोन पाखरं म्हणजे पुन्हा महिनाभर वेगळं ठेवून आजार नाही ना बघणं, पुन्हा जागेचा प्रश्न, आणि चांदणी-हळदीचं एकमेकींशी उत्तम चाललंय. ते मोडायचं मला कारण दिसत नाही.

चांदणीचं वजन पुन्हा ३४ झालं. नख काही आलं नाही. संध्याकाळी चौघं खोलीत मोकळे असतात, तेव्हा ती हिरकणीच्या जवळून बिनधास्त उडते.

आता साताऱ्यात पाऊस लागलाय. हवेत दमटपणा आला की हिरकणीचं शोधणं सुरू होतं. कालपासून ती बाहेर सोडल्यावर पुस्तकांच्या कपाटामागे सारखी जाते आहे, आणि चोचीवरचा रंग किंचित गडद वाटतो आहे. आज कपाटामागची फट पुठ्ठ्यानं बंद केली आणि चादरी अर्धा तास आधी टाकायला सुरुवात केली आहे.